तीन लाखांच्या पगारातले ऐंशी हजार

नर्सिंग कॉलेजात किंवा आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये हल्ली जर्मनीचा विषय निघाला की पहिला हिशेब तोंडीच होतो. तीन हजार युरो, गुणिले शंभर, म्हणजे महिना तीन लाख. घरी हा आकडा पोचतो आणि त्यावरच घराचं कर्ज, बहिणीचं लग्न, शेतातली बोअरवेल असे बेत रचले जातात.

या आकड्याला निमित्तही आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक अशा कामांसाठी पहिल्या टप्प्यात दहा हजार जण पाठवायचं ठरलं. राज्याची राजधानी स्टुटगार्ट. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी-शहरं. त्यामुळे नाव ओळखीचं आहे; पगाराची रीत मात्र अजिबात ओळखीची नाही.

जर्मनीत नोकरीच्या करारावर जो आकडा असतो तो ब्रुटो, म्हणजे कपातीआधीचा. खात्यात येतो तो नेट्टो. दोन्हींत किती अंतर पडतं ते २०२५ च्या दरांनी पाहू. पंचविशीतली, मूलबाळ नसलेली, एकटी राहणारी नर्स आणि पगार ३,००० युरो. पगाराच्या चिठ्ठीवर निवृत्तिवेतन विम्याचे ९.३ टक्के म्हणजे २७९ युरो कापलेले दिसतात. आरोग्य विम्याचे साधारण २५६, बेरोजगारी विम्याचे ३९, वृद्धापकाळातल्या शुश्रूषेच्या विम्याचे ७२ (मूल नसलेल्यांना हा दर थोडा जास्त पडतो). वर आयकर सव्वातीनशेच्या आत. सगळं वजा जाता हातात उरतात २,०४० युरोंच्या आसपास. तीन लाखांतला एक लाख इथेच गेला.

गेला म्हणजे वाया गेला, असं मात्र नाही. आजारी पडल्यास सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो. त्या २५६ युरोंत डॉक्टर आणि ऑपरेशनचा खर्च येतो. इस्पितळात दिवसाला दहा युरो तेवढे स्वतःचे भरावे लागतात, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवसांचे. कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं सोबत राहत असतील तर त्यांचा विमा त्याच हप्त्यात होतो. आपल्याकडे एका बायपासपायी जमीन विकलेली कुटुंबं गावोगाव आहेत. त्यांना या कपातीची किंमत वेगळी समजावून सांगायला नको.

कपातीत घरची परिस्थितीही मोजली जाते. आयकराचे सहा वर्ग आहेत. नवरा-बायको दोघंही तिथे राहत असतील आणि एकाचीच कमाई असेल तर त्याला तिसरा वर्ग घेता येतो आणि याच पगारावर महिन्याला दोनशेहून अधिक युरो वाचतात. जोडीदार पुण्यात राहिला तर लग्न होऊनही पहिलाच वर्ग. आणखी एक बाब वसईकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनी ध्यानात ठेवावी अशी. तिथे पोचल्यावर नगरपालिकेत पत्ता नोंदवताना धर्म विचारतात. कॅथलिक लिहिलं की चर्च कर सुरू होतो. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये तो आयकराच्या ८ टक्के आहे. भरायचा असेल तर आनंदानं भरावा, पण माहीत असून भरावा.

नर्सेसना आणखी एक पायरी ओलांडावी लागते आणि एजंट तिच्याबद्दल क्वचितच मोकळेपणानं बोलतात. भारतातली पदवी तिथे आपोआप चालत नाही. तिला मान्यता मिळेपर्यंत मुलगी सहायक म्हणून काम करते आणि पगारही सहायकाचाच मिळतो. वृद्धसेवेच्या क्षेत्रात जुलै २०२५ पासून सहायकाला ताशी किमान १६.१० युरो आणि पूर्ण पात्र परिचारिकेला २०.५० युरो द्यावे लागतात. म्हणजे मान्यता जितके महिने लांबेल तितके महिने दर तासाला चार युरोंहून जास्त नुकसान. मान्यतेसाठी लागणारी भाषेची परीक्षा लवकर काढणं हा म्हणूनच अभ्यासाइतकाच पैशाचाही प्रश्न आहे.

आता खर्च. सर्वात मोठा घरभाड्याचा, आणि तिथेही आकडे दोन. जाहिरातीत पुष्कळदा काल्टमीटे लिहिलेलं असतं, नुसत्या जागेचं भाडं. त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई मिळवली की वार्ममीटे होतं. विजेचं बिल बहुधा त्याहून वेगळं. स्टुटगार्ट जर्मनीतल्या महागड्या शहरांपैकी. एका खोलीच्या छोट्या फ्लॅटचं वार्ममीटे आठशे युरोंपर्यंत सहज जातं. हीटिंगची रक्कम दरमहा अंदाजानं घेतात आणि वर्षाचा हिशेब मागाहून येतो. खिडकी उघडी टाकून रेडिएटर चालू ठेवायची सवय लागली तर त्या हिशेबात काही शे युरो एकदम भरायची पाळी येते.

घर ताब्यात घेताना आपल्या माणसांना हमखास धक्का बसतो तो स्वयंपाकघरात. पुष्कळ रिकाम्या फ्लॅटमध्ये ओटा नसतो, सिंक नसतं, शेगडी नसते. भिंतीतून नळाचे पाइप तेवढे बाहेर आलेले. छताला दिव्यांऐवजी लोंबत्या वायरी. आधीचा भाडेकरू आपलं किचन सोबत घेऊन गेलेला असतो. जाहिरातीत ‘आयनबाउक्युखे’ असा शब्द असेल तर किचन बसवलेलं आहे असं समजावं. नसेल तर त्याचे पैसे वेगळे धरावे लागतात. शिवाय डिपॉझिट. कायद्यानं ते तीन महिन्यांच्या काल्टमीटेहून जास्त मागता येत नाही आणि भाडेकरूला तीन हप्त्यांत भरता येतं. हा हक्क नव्यानं आलेल्या फार थोड्यांना ठाऊक असतो.

बाकीचे आकडे पटकन सांगता येतात. खाण्यापिण्याला अडीचशे. देशभरच्या लोकल गाड्या, बस आणि ट्रामचा मासिक पास २०२५ मध्ये ५८ युरोंना होता, जानेवारी २०२६ पासून ६३. घरात टीव्ही असो नसो, दर घरामागे १८.३६ युरो प्रसारण शुल्क. फोन, इंटरनेट, वीज, साबण, एखादा गरम कोट धरला की महिन्याचा खर्च साडेबाराशेच्या घरात जातो. मागे उरतात आठशे युरो. तीन लाखांचे ऐंशी हजार झाले ते असे.

खरी गोम अशी की युरोला दोन भाव असतात आणि घरात चर्चा एकाचीच होते. बँकेतला भाव शंभर रुपयांच्या आसपास. पण जागतिक बँकेचे क्रयशक्तीचे आकडे मांडून पाहिले तर जर्मनीत एका युरोत जेवढं मिळतं तेवढं भारतात तिसेक रुपयांत मिळतं. म्हणजे त्या नर्सचे २,०४० युरो तिथे राहून खर्च करायला इथल्या साठ हजारांसारखे आहेत. शंभरचा भाव लागतो तो फक्त घरी पाठवलेल्या युरोला. सगळं सारखंच महाग असतं असंही नाही. दूध लिटरला एक युरोच्या आसपास. बटाटे, पाव, चीज नोकरदाराला परवडणारं. पण केस कापायला पंचवीस युरो, आणि प्लंबर घरी आला की शंभर सहज. कारण सरळ आहे. तिथे किमान वेतनच २०२६ मध्ये ताशी १३.९० युरो आहे, म्हणून माणसाच्या हातानं होणारं प्रत्येक काम महाग. ज्या मजुरीसाठी आपण तिथे जातो तीच मजुरी गिऱ्हाईक म्हणून आपल्यालाही द्यावी लागते. त्यामुळे मुलं तिथे केस स्वतः कापायला शिकतात, डबा घरून नेतात आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षं फ्लॅट न घेता चौघांत एक घर करून राहतात. वाटणीच्या घरात खोलीला पाचशे युरो पडले तर शिल्लक आठशेवरून अकराशेवर जाते.

महिन्याला ऐंशी हजार ते एक लाख दहा हजार शिल्लक ही लहान रक्कम नाही. सांगलीच्या खासगी इस्पितळात काम करणाऱ्या परिचारिकेला हा आकडा स्वप्नातलाच वाटेल. जावं की नाही, हा वाद इथे नाहीच. पण पहिले तीन महिने हातात काही राहत नाही, मान्यता मिळेपर्यंत कमी राहतं, आणि मुंबईहून विमानात बसतानाच घरच्यांनी तीन लाखांवर हप्ते बांधलेले असतील तर ती मुलगी परदेशात पोचते ती कर्जदार होऊनच. फोनवर दर महिन्याला ‘एवढेच कसे?’ हे ऐकणं तिच्या वाट्याला येऊ नये.

म्हणून सही करण्याआधी मालकाकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात: मान्यतेआधीचा आणि नंतरचा ब्रुटो पगार, आठवड्याचे तास, सुरुवातीची राहण्याची सोय कोणाच्या खर्चानं, आणि ती सोय किती महिने. ब्रुटोवरून नेट्टो काढून देणारी गणकयंत्रं इंटरनेटवर फुकट आहेत. तो आकडा आई-वडिलांना शेजारी बसवून काढावा. तिथे गेल्यावर पगारात, तासांत किंवा कपातीत काही खटकलं तर ‘फेअरे इंटेग्रात्सिओन’ ही सल्लासेवा युरोपीय संघाबाहेरून आलेल्या कामगारांना जर्मनीभर मोफत मार्गदर्शन करते. तिचा स्टुटगार्टमधला पत्ता निघण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवावा.