विश्लेषण : इंग्लंडच्या स्वयंपाकघरातली बीअर वरंधमध्ये गुन्हा का ठरते?

महाडहून भोरकडे निघालेली गाडी वरंध गाव सोडले की घाटाला लागते. घाट चढून भोरमार्गे पुण्यात पोहोचले, की तिथल्या मायक्रोब्रुअरीत त्याच जागी तयार झालेली ताजी बीअर राजरोस मिळते. तीच बीअर घाटाखाली, वरंधमधल्या एखाद्या घरात बादलीभर केली तर गुन्हा दाखल होऊ शकतो. ती विकायची नसली, घरच्यांनीच प्यायची असली तरीही. इंग्लंडमध्ये मात्र ‘बिटर’ या बीअरचे किट दुकानातून आणून स्वयंपाकघरात ती करणे हा साधा छंद आहे. हा फरक कशामुळे?

किटमध्ये असते काय?

दीड-पावणेदोन किलोचा एक डबा आणि यीस्टची पुडी. डब्यात बार्लीच्या माल्टचा काकवीसारखा घट्ट पाक असतो. हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडवटपणा त्यात आधीच उतरवलेला असतो. पाक गरम पाण्यात विरघळवायचा, किलोभर साखर घालायची, गार पाणी ओतून साधारण २३ लिटर करायचे आणि यीस्ट टाकून झाकण लावायचे. आठवड्याभरात यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. मग बाटल्यांत किंचित साखर घालून दोन-तीन आठवडे मुरवायचे, की फेस धरतो. बहुतेकांची फसगत होते ती भांडी नीट निर्जंतुक न केल्याने. आंबणे पूर्ण होण्याआधी बाटल्या भरल्या तर आत दाब वाढून त्या फुटतात.

तयार होणारी बिटर तांबूस आणि कमी फेसाची असते. साध्या बिटरमध्ये अल्कोहोल चार टक्क्यांच्या आसपास. इंग्रज ती तळघराइतक्या गारव्यात, १०-१३ अंशांवर पितात. बर्फगार ‘स्ट्राँग’ची सवय असलेल्याला ती पहिल्या घोटाला कोमट आणि बेचव वाटण्याचीच शक्यता जास्त.

वरंधची हवा मानवेल का?

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी अडचण आहे. बिटरच्या यीस्टला १८ ते २० अंश तापमान लागते, तेही सलग काही दिवस. आंबताना स्वतःचीच उष्णता तयार होऊन भांडे खोलीपेक्षा दोन-चार अंश जास्त तापते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावात एप्रिल-मेमध्ये घरातही पारा तिशीपार असतो. हिवाळ्यात रात्र गार, पण दुपार तापलेली. अशा उष्णतेत यीस्ट झपाट्याने काम करते, पण थिनरसारखा वास आणि डोके धरायला लावणारी जड अल्कोहोले मागे ठेवते. ओले फडके, पंखा, पाण्याच्या टबात बर्फाच्या बाटल्या असे उपाय आहेत, मात्र आठवडाभर पहारा द्यावा लागतो. कोकणच्या हवेला मानवते ती ताडी-माडी. पहाटे उतरवलेला गोड रस, विरजण न लावता, दुपारपर्यंत चढलेला असतो.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात दारू मिळते, म्हणून दारूबंदी नाही असा समज आहे. प्रत्यक्षात १९४९चा मुंबई दारूबंदी कायदाच, आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने, लागू आहे. त्याची मांडणी उलटी आहे. बनवणे, बाळगणे, विकणे, विकत घेणे हे सारे आधी निषिद्ध, आणि परवाना असेल तेवढ्यापुरती सूट. दारूच्या व्याख्येत बीअर स्पष्टपणे येते. पिण्याचा परवाना, मग तो एका दिवसाचा असो की आजीवन, बनवण्याला लागू होत नाही.

खरी मेख कलम ६५ (फ) मध्ये आहे. ताडी वगळता कोणताही मादक पदार्थ बनवण्यासाठी साहित्य, भांडी किंवा उपकरणे वापरणे अथवा जवळ ठेवणे, हाही गुन्हा आहे. माल्टचा पाक, साखर, यीस्ट यांपैकी एकेक वस्तू निरुपद्रवी, बीअर करण्याच्या हेतूने एकत्र ठेवल्या की अडचण. हातभट्टीवरच्या छाप्यांत गूळ-नवसागराचे ‘रसायन’ ओतून दिले जाते, तेव्हाही हेच कलम लागते. हौशी पदवीधराची बादली आणि डोंगरातल्या गरिबाचे पिंप यांत ते फरक करत नाही. ताडीची सूट या कलमापुरतीच आहे. झाडाला मडके बांधायलाही परवाना लागतोच.

पुण्यात चालते ते परवान्यामुळे. २००९मध्ये तिथे ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि नंतर आणखी उभ्या राहिल्या. कारखाना आणि मायक्रोब्रुअरी यांना परवाना आहे. घरच्या वीस लिटरांसाठी मात्र वेगळा परवाना किंवा सूट नाही.

घरची बीअर विषारी असते का?

हातभट्टीच्या भीतीतून हा प्रश्न येतो. २०१५मध्ये मुंबईत मालवणीला शंभरहून अधिक माणसे दगावली, ती औद्योगिक मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. केवळ आंबवलेल्या, न गाळलेल्या बीअरमध्ये मिथेनॉल नगण्य असते. बिघडलेली बीअर आंबट होते, पोटही बिघडवू शकते. मात्र तिची गाठ मिथेनॉलशी घालणे चुकीचे.

इंग्रजांनी स्वतःला एक आणि इथे एक नियम लावला का?

बऱ्याच अंशी हो. १८७८च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात मद्य बनवणे सरकारी मक्त्याखाली आणले. पुढे १८९२च्या मोहा कायद्याने ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आले, कारण त्यांची दारू गाळली जात होती. कुलाबा म्हणजे आजचा रायगड, महाड त्यातच. त्याच काळात, १८८०मध्ये, इंग्लंडने माल्टवरचा कर काढला आणि घरी बीअर करणाऱ्यांसाठी परवाना आणला. ती अट तिथे एप्रिल १९६३मध्ये रद्द झाली. तेव्हापासून विकायची नसेल तर परवाना नाही आणि करही नाही. किटचे डबे घराघरात गेले ते त्यानंतर.