लो बीमला निम्मा आरसा सुट्टीवर
जानेवारी २०२३मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात '२१ गन सॅल्यूट'चा जुन्या गाड्यांचा मेळा भरला होता. अशा गाड्यांत नजर जाते ती ताटाएवढ्या दिव्यांवर. आतला आरसा अन्वस्ताच्या, म्हणजे पॅराबोलाच्या आकाराचा. बल्ब नेमका नाभीवर बसला की किरण समांतर होऊन लांबवर जातात. आणि समोरच्याचे डोळे दिपवतात!

त्यावरची सुंदर तोड १९७१च्या एच-४ बल्बात आहे. आत दोन तारा. हाय बीमची नाभीजवळ. लो बीमची जराशी पुढे, खाली पत्र्याची इवलीशी वाटी. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, म्हणून आरशाचा वरचा भागच कामाला लागतो आणि झोत रस्त्यावर झुकतो. वाटीची एक कड १५ अंशांनी उतरती असते. त्यामुळे डावीकडचे पादचारी, फलक दिसतात आणि उजवीकडून येणारा वाचतो.

पूर्वी प्रकाशाचं वाटप रेघारेघांची काच करायची. आता काच साधी, पैलू आरशालाच.

म्हणूनच हॅलोजनच्या जागी कुठलाही एलईडी खुपसू नये. प्रकाशाचा ठिपका ठरल्या जागेवरून हलला की आरशाचं गणित कोलमडतं. बडोद्याहून अहमदाबाद एक्सप्रेसवेला लागण्याआधी लो बीम भिंतीवर टाकून बघा: कड स्पष्ट हवी, डावीकडे चढती हवी.