झाडू हातात घेण्याआधी दर ठरवा



गोष्ट दिवाळीच्या आधीची आहे. आमच्या कुंभिवलीच्या बौद्धवाड्यातली एक काकू संध्याकाळी माझ्या दारात येऊन बसली. डोळे लालबुंद झाले होते, खोकला थांबत नव्हता आणि बोलताना दम लागत होता. मी दवाखान्यातली नोकरी सोडून बरीच वर्षं झाली, पण गाव मला अजून 'सिस्टरताई' म्हणूनच हाक मारतं. दुखलं-खुपलं की आधी माझं दार, मग डॉक्टर.

"काय झालं गं काकू?"

"काय नाय गं सिस्टरताई, बंगल्यावर साफसफाईला गेलेलो. बाथरूमात वास बसला."

काकू आणि तिची जाऊ, दोघी एका फार्महाऊसवर गेल्या होत्या. बंगला पावसाळाभर बंद होता. तीन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, तीन बाथरूम आणि व्हरांडा. शनिवारी पाहुणे येणार म्हणून मालकाला घाई होती. बाथरूमच्या फरशीचे डाग निघत नव्हते. म्हणून काकूने आधी अॅसिड टाकलं आणि त्यावरच ब्लीचिंग पावडर मारली. खिडकी बंद होती. पिवळट धूर निघाला आणि काकू खोकत बाहेर पळाली. थोडा वेळ ओट्यावर बसली आणि पुन्हा आत गेली, कारण काम संपवायचं होतं.

मी विचारलं, "पैसे किती ठरले होते?"

"ठरवले नव्हते. म्हणाले, काय ते देऊ."

जे दिलं त्याचा हिशेब मी तिथेच मांडला. दोघींना मिळून 500 रुपये आणि उरलेली भाजी. जाण्या-येण्याची रिक्षा 160 रुपये. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आणि औषधं मिळून 450 रुपये. म्हणजे दोघी बायका सहा-सहा तास राबल्या आणि पदरचे 110 रुपये घालून घरी आल्या.

आरोग्याच्या पानावर दराचं काय काम?

कुणी म्हणेल, पैशाची गोष्ट या पानावर कशाला? पण दर ठरलेला नसला की तब्येतीचं कसं नुकसान होतं ते बघा. दर नाही म्हणून वेळ ठरत नाही. वेळ ठरलेली नाही म्हणून घाई होते. घाईत दोन औषधं एकत्र ओतली जातात. हातमोजे कुणी आणायचे हे बोललेलं नसतं, म्हणून ते कुणीच आणत नाही. आजारी पडल्यावर 'तुमच्या कामात झालं' म्हणायला तोंड राहत नाही, कारण मुळात काही बोलणंच झालेलं नसतं.

खालापूर-कर्जतच्या पट्ट्यात जमिनी विकल्या गेल्या, तिथे बंगले उभे राहिले. खोपोली, चौक, कर्जत, नेरळ, सगळीकडे सुट्टीच्या घरांची पाटी दिसते. त्या घरांची झाडलोट आपल्या वाड्यांतल्या, ठाकूरवाड्यांतल्या आणि कातकरीवाड्यांतल्या बायाच करतात. काम वाढलं, पण बोली जुनीच राहिली, 'काय ते देऊ'.

ही बोली आपल्याला नवी नाही. बलुत्याची बोली हीच होती. काम बाराही महिने, मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर. कधी धान्य, कधी शिळं, कधी नुसती शिवी. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते ह्याच वेठीविरुद्ध. पुढे 1958 च्या कायद्याने ती कनिष्ठ वतनं रद्द झाली. कागदावरून गेलेली ती रीत बंगल्याच्या मागच्या दाराने आपल्याकडे परत येऊ द्यायची का, हा माझा प्रश्न आहे.

दर कसा काढायचा?

हिशेब अवघड नाही. चार गोष्टी धरायच्या.

1. कामाचे तास. बंद घराच्या सफाईला रोजच्या झाडू-पोछ्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. आधी घर फिरून बघा, मग बोला.
2. जाण्या-येण्याचा वेळ. तोही तुमच्या दिवसातूनच जातो.
3. गाडीभाडं. ते मजुरीत धरायचं नाही, वेगळं सांगायचं.
4. सामान. फिनेल, साबण, झाडू, लांब दांड्याचा पोछा आणि हातमोजे मालकाचे. तुम्ही आणलंत तर बिलासह त्याचे पैसे वेगळे.

काकूचंच उदाहरण घेऊ. दोघींचे सहा-सहा मिळून 12 तास. येण्या-जाण्याचा एकेक तास धरला तर 14. समजा तासाला 80 रुपये धरले, तर 1,120 रुपये होतात. त्यात रिक्षाचे 160 मिळवले की 1,280. मिळाले किती, तर 500. हा 80 चा आकडा मी फक्त हिशेबासाठी धरला आहे. तुमच्या गावात शेतावरच्या किंवा बांधकामावरच्या रोजाला आठने भागा, त्याच्या खाली उतरू नका.

महिन्याचं काम असेल तर कामं एकेक मोजून बोला. झाडू-पोछा, भांडी, कपडे, बाथरूम, ही वेगवेगळी कामं आहेत. 'त्यातच करून टाक' म्हटलं की त्याचा दर विचारायचा. महिन्याला किती सुट्ट्या, आजारपणात पगार कापणार का, दिवाळीला काय, आणि वर्षाने वाढ किती, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. ठरलं ते मोबाइलवर मेसेज करून ठेवा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून करून घ्या, नाहीतर आवाजाचा मेसेज पाठवा. मध्ये वॉचमन किंवा एजंट असेल तर पैसे कुणाच्या हातातून मिळणार आणि त्यातले तो किती ठेवणार, हेही आधीच विचारा.

अंग सांभाळून काम

अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. तो डोळे, घसा आणि फुप्फुसं जाळतो. काच पुसायच्या काही औषधांत अमोनिया असतो, तेही ब्लीचमध्ये मिसळायचं नाही. एका वेळी एकच औषध वापरा, दारं-खिडक्या उघडा, आणि भरपूर पाण्याने धुतल्याशिवाय दुसरं वापरू नका. धूर निघालाच तर लगेच मोकळ्या हवेत या. डोळ्यांत गेलं असेल तर वाहत्या पाण्याने निदान 15 मिनिटं धुवा. दम लागत असेल तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा. कुणी चुकून अॅसिड प्यायलं तर उलटी करायला लावू नका.

नर्सिंग शिकताना आमच्या पुस्तकात गुडघ्याच्या एका दुखण्याचं नाव होतं 'हाउसमेड्स नी', म्हणजे मोलकरणीचा गुडघा. सतत गुडघे टेकून फरशी पुसल्याने वाटीपुढची पिशवी सुजते. कामाने दुखणं होतं हे डॉक्टरांना इतकं ठाऊक होतं की त्यांनी त्याला कामकरणीचंच नाव दिलं. म्हणून लांब दांड्याचा पोछा मागणं ही चैन नाही. बादली अर्धीच भरा. हात दिवसभर ओले राहिले की कातडी फाटते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. काम झालं की हात कोरडे करून खोबरेल लावा.

बंद बंगल्यात पहिला हात काठीने फिरवा. गादी, पायपुसणं, जुने बूट, लाकडं, सगळं आधी हलवून बघा. आपल्या कोकणात लाल विंचू आहे. त्याच्या दंशावर प्राझोसिन ही गोळी कशी जीव वाचवते हे आपल्याच जिल्ह्यातल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगाला दाखवलं. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. विंचू असो की साप, थेट सरकारी दवाखान्यात जा. उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर सुकी झाडू मारू नका, आधी औषधाचं पाणी शिंपडा. पायावर जखम असेल तर बूट घाला, कारण उंदराच्या मुतातून लेप्टो होतो.

आणि एक गोष्ट जी बाया मला फक्त कानात सांगतात. ज्या घराचे तीन-तीन संडास ती घासते, त्यातला एकही तिला वापरू देत नाहीत. म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. मग लघवीची जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं. माझ्याकडे येणाऱ्या कामकरी बायांत ही तक्रार नेहमीची आहे. तेव्हा दराच्या बोलीतच विचारा, "संडास कुठला वापरू?" लाज त्यांना वाटली पाहिजे, आपल्याला नाही.

हे काम कुठल्याच दराने नको

शौचटाकीत उतरायला सांगतील, दुप्पट पैसे देतील. उतरायचं नाही आणि घरच्या पुरुषालाही उतरू द्यायचं नाही. टाकीतला वायू एका श्वासात बेशुद्ध करतो. पहिल्याला काढायला गेलेला दुसराही जातो. 2013 च्या कायद्याने असं काम करवून घेणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उंच खिडकीच्या बाहेर उभं राहून काच पुसणं हेही नाकारा. जिवाला दर नसतो.

आता आपल्यातल्या मालकांसाठी

हे मासिक वाचणारे बरेच जण नोकरदार आहेत. बदलापूर, कल्याण, पनवेलला त्यांचे फ्लॅट आहेत आणि तिथे कामाला बाई येते. तिचा कप वेगळा ठेवला आहे का? तिला आजारपणाची रजा पगारी मिळते का? साहेबांच्या फोटोखाली बसून आपण समतेवर बोलतो आणि ती मात्र दाराशी उभी राहून चहा पिते, असं होत असेल तर आजच बदला. घासाघीस करायची तर भाजीवाल्याशीही करू नये असं मी म्हणणार नाही, पण माणसाच्या पाठीची आणि गुडघ्याची घासाघीस करू नका.

एकटीने नाही

1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, पगारवाढ, बोनस आणि पगारी रजा मागितली. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पुढे राज्यभरच्या संघटनांच्या रेट्यामुळे 2008 साली महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. 18 ते 60 वयाच्या घरेलू कामगारांची त्यात नोंदणी होते. आधार, फोटो आणि जिथे काम करता त्यांचा दाखला घेऊन जिल्ह्याच्या कामगार खात्याच्या कार्यालयात चौकशी करा. ई-श्रम कार्डही काढून घ्या. कामाच्या घरात कुणी अंगचटीला आलं तर 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घरकामगार बाईही येते. तिची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.

काकू बरी झाली. त्यानंतर एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही अकरा जणी बसलो. कुठल्या कामाला किती, हे फळ्यावर खडूने लिहिलं आणि त्याच्या खाली कुणी जायचं नाही असं ठरवलं. पहिल्या महिन्यात दोन बंगल्यांनी "महाग आहात" म्हणून दुसऱ्या गावच्या बाया आणल्या. आमच्यातली एक रडकुंडीला आली, घरात तिचंच कमावणं. मग आम्ही त्या गावात गेलो, त्या बायांशीही बोललो. त्या ठाकूरवाडीतल्या होत्या. त्यांनाही 'काय ते देऊ'च सांगितलं होतं. आता फळ्यावरचा दर त्यांचाही आहे. दोनातला एक बंगला परत आला, दुसरा नाही आला.

परवा काकू कामावर निघाली तेव्हा तिच्या पिशवीत रबरी हातमोजे होते. मी विचारलं, "काय गं, ठरलं का?"

म्हणाली, "ठरलं. संडासाचं पण विचारलं."

तुमच्या वाड्यात बैठक घेणार असाल तर फळा आणि खडू तेवढा तयार ठेवा. जयभीम.