चित्र आतून, आवाज बाहेरून

लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी संगणकावर उतरवून देणारं कुणी अजून उरलंय का ते बघा, असं संपादकांनी सुचवलं होतं. पुण्याच्या तपकीर गल्लीत चौकशी केल्यावर जवळच्याच एका वाड्याच्या माडीवर असा एक उद्योग सापडला. मी गेलो कॅसेटींबद्दल विचारायला आणि अडकलो भलत्याच ठिकाणी. टेबलावर झाकण काढलेला जुना पेंटियम ४ होता. त्यातल्या टीव्ही ट्यूनर कार्डाच्या मागून एक वीतभर काळी वायर बाहेर पडत होती आणि खाली त्याच डब्याच्या निळ्या भोकात परत शिरत होती. कार्ड आत, साउंड कार्डही आत, मग वायर बाहेरून वळसा घालून का जाते?

या कार्डाचा छापील इतिहास लवकर आटपतो. सॅन दिएगोच्या ब्रुकट्री कंपनीने नव्वदीच्या मध्यावर बीटी८४८ ही चिप काढली. १९९६मध्ये रॉकवेलने कंपनी घेतली, १९९९मध्ये तो विभाग कोनेक्झंट म्हणून वेगळा झाला. दरम्यान बीटी८७८ ही सुधारलेली चिप आली. हॉपॉज, पिनॅकल, पिक्सेलव्ह्यू अशा निरनिराळ्या नावांच्या खोक्यांत बरेचदा हीच चिप असायची.

तिची खरी करामत चित्रात आहे. आपल्याकडच्या पाल पद्धतीतलं ७६८ गुणिले ५७६ ठिपक्यांचं चित्र, सेकंदाला २५ वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मेगाबाइट माल. चिप तो पीसीआय बसवरून, प्रोसेसरला हात न लावता, थेट ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत ओतू शकते. त्या काळात हे मोठंच काम होतं. आवाजाला मात्र सीडीच्या दर्जाचा धरला तरी याच्या सव्वाशेवा हिस्सा पुरतो, आणि तरी त्याच्या वाट्याला वायर. नवरदेव गाडीतून आणि वाजंत्री पायी, तशातला प्रकार.

कारण साधं आणि काटकसरीचं आहे. बीटी८४८ला आवाजाचे आकडे करताच येत नव्हते. ट्यूनरच्या पत्र्याच्या डबीतून आवाज निघतो तो अॅनालॉग, आणि साउंड कार्ड घरोघरी होतंच. मग द्या सोबत एक वायर! बीटी८७८मध्ये आवाजाची सोय आली, पण तिचा अॅनालॉग भाग सेकंदाला किमान १ लाख १९ हजार नमुने घ्यायचा. सीडीला ४४,१०० पुरतात. ही उधळपट्टी सांभाळण्यापेक्षा वायर बरी, असंच बहुतेकांनी ठरवलं.

याचा एक गमतीचा परिणाम त्या काळी अनेकांनी पाहिला असेल. संगणक गोठायचा, पडद्यावरची नायिका तोंड उघडं ठेवून थिजायची, पण मालिका ऐकू येतच राहायची. आवाज पीसीआय बसवरून जातच नव्हता, तर तो थांबणार कसा?

माडीवर हा उद्योग चालवणाऱ्या काकांनी कार्ड उपसून माझ्या हातात दिलं आणि सोळा पायांच्या एका किरकोळ चिपवर नख ठेवलं. ४०५२. हिच्यात चार वाटा, एका वेळी एकच उघडी. ट्यूनरचा आवाज, रेडिओचा, बाहेरून आलेला, की काहीच नाही, हे ती ठरवते. तिला हुकूम देतात बीटी चिपच्या २४ मोकळ्या पायांपैकी दोन-तीन. कुठले, ते मात्र ज्या त्या कारखान्याने आपल्या मर्जीने ठरवलं. चित्राचं सगळं काम एकाच चिपकडे, म्हणून ते कुठेही चालायचं. आवाज दर कार्डाला वेगळा. लिनक्सच्या बीटीटीव्ही ड्रायव्हरमधली कार्डांची यादी दीडशेच्या पुढे गेली, त्यामागे हे मोठं कारण. गेर्ड क्नोर यांनी तो ड्रायव्हर वर्षानुवर्षं सांभाळला. यादीत चुकीचा क्रमांक निवडला की चित्र लख्ख आणि आवाज गायब. लोक वायर बदलत बसायचे, आणि दोष त्या ४०५२ला मिळालेल्या उलट्या हुकमाचा असायचा. या चिपबद्दल काकांच्या बोलण्यात जे कौतुक होतं, ते मला पटलं. इतक्या स्वस्त वस्तूने इतक्यांना झुलवलं.

हुकूम बरोबर असला तरी देश बरोबर लागायचा. अॅनालॉग प्रक्षेपणात भारतात आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून ५.५ मेगाहर्ट्झवर असायची, ब्रिटनमध्ये ६ वर, चीनमध्ये ६.५ वर. सॉफ्टवेअरने देश विचारला आणि घाईत भलताच निवडला गेला, तर बातम्या दिसायच्या आणि ऐकू यायची नुसती खरखर. त्यापुढे मिक्सर. विंडोज एक्सपीत ऐकण्याची यादी वेगळी, रेकॉर्डिंगची वेगळी. पहिलीत लाइन-इन, म्हणजे ते निळं भोक, चालू आणि दुसरीत माइक निवडलेला असेल, तर स्पीकरमधून सगळं नीट ऐकू येतं आणि फाइल निघते मुकी. वायर चुकून गुलाबी भोकात गेली तर आवाज फाटतो, कारण ते भोक माइकच्या क्षीण आवाजासाठी आहे, तिथे तो आधीच वाढवून घेतला जातो.

आणि गुणगुण. केबलवाल्याची तार गल्लीतल्या अॅम्प्लिफायरवरून यायची, तिचं बाहेरचं जाळं संगणकाच्या पत्र्याला टेकायचं, आणि दोन्हींचं अर्थिंग क्वचितच जुळायचं. ५० हर्ट्झचा तो भुंगा प्रत्येक कार्यक्रमाखाली चालू. कॅबिनेटला हात लावला की मुंग्याही यायच्या. तार आणि कार्ड यांच्यामध्ये छोटा आयसोलेटर घालणं हा खरा उपाय होता. पण पुष्कळ घरांत भुंगाच सवयीचा झाला.

२०१२-१३मध्ये मुंबई-पुण्यात सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि या कार्डांचं टीव्हीपण संपलं. आता माडीवरच्या कार्डाची ट्यूनरची डबी रिकामी बसून असते. व्हीसीआरचं चित्र पिवळ्या पिनेतून कार्डात जातं. कार्डाचा आवाज बाहेर नेणारी ती काळी वायरही काकांनी नुसती सवयीने राहू दिली आहे. काम असलं की ती उपटून व्हीसीआरचा आवाज थेट निळ्या भोकात घालतात. ४०५२ला बगल, देशाची भानगड नाही. मला वाटलं, संपलं.

संपत नाही, कारण घड्याळं दोन आहेत. कार्ड चित्र मोजतं ते एका तालावर, साउंड कार्ड आवाज मोजतं ते स्वतःच्या स्फटिकावर. दोन्हींत दहा हजारांत एक इतका फरक पडला, तरी तीन तासांच्या कॅसेटच्या शेवटी ओठ आणि शब्द एका सेकंदाने फाकतात. बहुतेक लग्नाच्या कॅसेटींवर सिनेमाची गाणी चढवलेली असतात, तिथे कुणाच्या लक्षातही येत नाही. मंगलाष्टकं मात्र मूळ आवाजात असतात, आणि घरच्यांना तीच ऐकायची असतात. काका तिथल्या टाळ्या पकडतात. हात जुळलेले दिसले आणि आवाज नंतर आला, तर किती नंतर ते मोजून पूर्ण आवाज तेवढा आखडून घेतात.

फीत धड असेल तर हे जमतं. बुरशी लागलेल्या किंवा चुरगळलेल्या जागी कार्डाकडून काही चौकटी गळतात, आवाज तसाच पुढे सरकतो, आणि फरक हळूहळू वाढण्याऐवजी धक्क्याने उडी मारतो. तिथे सरसकट आखडणं निरुपयोगी. म्हणून ते कॅसेट अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत उतरवतात. एका तुकड्यात घड्याळांचा फरक सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत राहतो, आणि उडी कुठे आहे ते शोधायला सोपं जातं. नवीन संगणकावर हे करा, असं त्यांना गिऱ्हाइकं सुचवतात. पण नव्या मदरबोर्डांवर पीसीआयची खाच मिळणं मुश्कील, आणि त्यांच्या कार्डाचा ड्रायव्हर एक्सपीच्या पुढे येत नाही. म्हणून एक्सपी, म्हणून पेंटियम ४, आणि फुगलेले कपॅसिटर बदलण्यासाठी टेबलाखाली तसलेच दोन मेलेले बोर्ड. एखाद्या तुकड्यात उडीची जागा सापडलीच नाही, तर तो पुन्हा उतरवायचा, आणि अर्ध्या तासाच्या तुकड्याला अर्धा तासच लागतो.