परमुलुखांतील पाहुणचार

सांगलीकडील विटा-आटपाडी व साताऱ्याकडील माण-खटाव या भागांतील पुष्कळ कुटुंबें दुष्काळापायीं गांव सोडून सोन्याचांदीच्या गलाईसाठीं देशभर पांगलीं. तिकडे गांवचा पाहुणा आला कीं पुरण घातलें जातें. मदुरेस बिऱ्हाड असल्यास मीनाक्षीचें दर्शन घडतें. भट्टी मात्र सहसा दाखवीत नाहींत. पाहुणा परततो तो सुबत्तेचें चित्र घेऊन. तें ऐकून एखादा मुलगा शाळा सोडूं पाहतो. जुन्या दागिन्यांतील हीण काढतांना नत्राम्लाचा तांबूस धूर निघतो, तो फुप्फुसांस घातक, हें त्याला कोण सांगणार? म्हणून यजमानानें देवळाबरोबर भट्टीहि, दुरून कां होईना, दाखवावी. आपले कष्ट न लपविणें हाहि पाहुणचारच होय.