तळेगांवची मसलत : इंग्रजी फौज परत फिरविण्याचा वाद, इ. स. १७७८–१७८२

इ. स. १७७९ च्या जानेवारींत मराठ्यांनीं इंग्रजी फौजेस वडगांवीं कोंडलें व तिजकडून तह लिहून घेतला, ही हकीकत शाळेंतील मुलेंही सांगतात. या प्रकरणाचें एक अंग मात्र असें आहे कीं, त्याकडे द्यावें तितकें लक्ष दिलें जात नाहीं. परमुलखांत चालू असलेल्या युद्धांतून फौज काढून घ्यावी किंवा न घ्यावी, याविषयीं खुद्द इंग्रजांत झालेला वाद, हें तें अंग होय. हा वाद तीन ठिकाणीं झाला : प्रथम कलकत्त्याच्या कौन्सिलांत, नंतर तळेगांवच्या छावणींत व शेवटीं लंडनच्या पार्लमेंटांत. प्रश्न तिन्हीं ठिकाणीं एकच होता. पण त्याचीं उत्तरें व त्या उत्तरांचीं फळें निरनिराळीं झालीं. असें कां झालें, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखांत आमचा उद्देश आहे.

१. पूर्वपीठिका

नारायणराव पेशव्यांचा वध ३० ऑगस्ट १७७३ रोजीं झाला. बारभाईंनीं राघोबादादांचा अधिकार नाकारल्यावर दादा मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयास गेले व मार्च १७७५ मध्यें त्यांनीं सुरतेस त्यांच्याशीं तह केला. १७७३ च्या कायद्यान्वयें मुंबई व मद्रास येथील कारभाऱ्यांच्या युद्ध व तह करण्याच्या अधिकारावर कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारची देखरेख बसली होती. त्या सरकारनें सुरतेचा तह अमान्य केला आणि कर्नल अप्टन यास पाठवून १ मार्च १७७६ रोजीं पुरंदरचा तह करविला. मुंबईकरांस ही गोष्ट मानवली नाहीं. १७७७ मध्यें सेंट ल्यूबिन नांवाचा फ्रेंच पुण्यास आला व नाना फडणिसांनीं त्याचा आदर केला, हें निमित्त त्यांस पुरेसें झालें. राघोबांस पुण्यास नेऊन कारभारावर बसवावें, असा बेत ठरला.

येथें राजनीतीच्या जुन्या शास्त्राचा एक दाखला वाचकांपुढें ठेवणें अप्रस्तुत होणार नाहीं. संधि व विग्रह यांपासून लाभ सारखाच होत असेल, तर संधीच पत्करावा, असें कौटिल्याचें मत आहे. कारण विग्रहांत क्षय, व्यय, प्रवास व प्रत्यवाय हे चार दोष ठेवलेलेच असतात. क्षय म्हणजे माणसांचा नाश, व्यय म्हणजे द्रव्याचा नाश, प्रवास म्हणजे स्वदेश सोडून दूर राहणें, आणि प्रत्यवाय म्हणजे वाटेंत उभीं राहणारीं विघ्नें. पुढील हकीकत वाचतांना हे चार शब्द ध्यानांत ठेवावे.

२. कलकत्त्याचा वाद

मुंबईकरांच्या मदतीस बंगालची एक फौज खुष्कीच्या मार्गानें पाठवावी, असें वॉरन हेस्टिंग्ज यानें ठरविलें. कर्नल लेस्ली याच्या हाताखालीं ती फौज मे १७७८ मध्यें काल्पीजवळ यमुना उतरली. त्या वेळीं कौन्सिलांत चार असामी होते : एका बाजूस हेस्टिंग्ज व बारवेल, दुसऱ्या बाजूस फ्रान्सिस व व्हीलर. समसमान मतें पडल्यास निर्णायक मत गव्हर्नर जनरलाचें.

अशांत जुलै महिन्यांत मोठी बातमी आली. अमेरिकेंत साराटोगा येथें ऑक्टोबर १७७७ मध्यें जनरल बर्गोइन यानें आपल्या सैन्यासह शस्त्रें खालीं ठेविलीं होतीं, आणि फ्रान्सशींही युद्ध जुंपलें होतें. फ्रान्सिस व व्हीलर यांचें म्हणणें असें पडलें कीं, फ्रेंचांचें भय असतां बंगालची फौज शेंकडों कोस दूर दुसऱ्याच्या राज्यांत नेणें धोक्याचें आहे. तिला परत बोलवावें. हेस्टिंग्ज याचें उत्तर उलट होतें. पश्चिमेकडे आपली हार झाली असेल, तर ती भरून काढण्यासाठीं पूर्वेकडे अधिक जोर करणें हेंच आपलें कर्तव्य, असें तो म्हणाला. हेस्टिंग्ज याचाच पक्ष वरचढ ठरला. लेस्ली बुंदेलखंडांत रेंगाळला व ऑक्टोबरांत वारला. त्याच्या जागीं कर्नल गॉडर्ड आला.

या वादांत एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. त्या दिवशीं फौज परत फिरविण्यास फारसें मोल पडलें नसतें. मराठ्यांशीं अद्याप गांठ पडली नव्हती व परतीची वाट मोकळी होती. असें असतां ज्या दिवशीं माघार स्वस्त होती, त्याच दिवशीं ती नाकारली गेली.

३. तळेगांवची मसलत

गॉडर्डाची वाट न पाहतां मुंबईकरांनीं नोव्हेंबर १७७८ च्या अखेरीस स्वतःची फौज रवाना केली. तिची संख्या सुमारें ३,९०० होती. सेनापतित्व एकाकडे नसून कर्नल एजर्टन, जॉन कारनॅक व टॉमस मॉस्टिन या तिघांच्या कमिटीकडे होतें. सामानसुमान अतोनात होतें. बैलच सुमारें १९,००० होते. बोरघाट चढल्यावर कार्ल्यापर्यंतचे आठ मैल जाण्यास या फौजेस अकरा दिवस लागले. आज पुणें-लोणावळें लोहमार्गानें जाणारास लोणावळें, मळवली, कामशेत, वडगांव, तळेगांव, चिंचवड हीं स्थानकें ज्या क्रमानें लागतात, तोच या मोहिमेचा क्रम होय.

मराठ्यांनीं एकदम मोठी लढाई दिली नाहीं. महादजी शिंदे, हरिपंत फडके व तुकोजी होळकर यांचे स्वार भोंवतीं फिरते राहिले, तोफखाना मारा करी, आणि मुलूख मात्र ओसाड होत गेला. कर्नल के जखमी होऊन मेला. कॅप्टन स्टुअर्ट, ज्यास आमचे लोक ‘इष्टुर फाकडा’ म्हणून वाखाणीत, तो ४ जानेवारी १७७९ रोजीं कार्ल्यास पडला. मॉस्टिन आजारी होऊन मुंबईस गेला व १ जानेवारीस वारला. दुखण्यामुळें एजर्टन यानेंही सेनापतित्व सोडलें व तें लेफ्टनंट कर्नल कॉकबर्न याजकडे आलें. ९ तारखेस फौज तळेगांवीं पोंचली, तों गांव जळालेला. पुढें चिंचवड, आणि वेळ पडल्यास प्रत्यक्ष पुणें शहरही, जाळण्याची तयारी मराठ्यांनीं ठेविली आहे, अशी खबर लागली.

पुणें वीसेक मैलांवर राहिलें होतें व अठरा दिवस पुरेल इतकी शिधासामग्री जवळ होती. अशा स्थितींत कमिटीनें परत फिरण्याचा विचार चालविला. कॉकबर्न यास मत विचारलें असतां तो म्हणाला कीं, पलटणें पुण्यापर्यंत जाऊं शकतील, पण घोडदळावांचून इतकें सामान व बैल सांभाळतां येणार नाहींत. कमिटीचा चिटणीस फार्मर यानें गॉडर्डाची खबर येईपर्यंत थांबावें असें सुचविलें, आणि राघोबांनींही घाई करूं नये म्हणून विनविलें. उभयतांचें कोणीं ऐकलें नाहीं. ११ जानेवारीच्या रात्रीं जड तोफा तळ्यांत टाकून व सामान जाळून फौज गुपचूप निघाली.

गुप्तता फार वेळ टिकली नाहीं. पहांटेपूर्वींच हल्ला सुरू झाला. पिछाडीस कॅप्टन हार्टले याच्या तुकडीनें मोठ्या हिमतीनें तोंड दिलें, तरी दुसऱ्या दिवशीं फौज जेमतेम वडगांवापर्यंत पोंचून तेथेंच अडकली. तळेगांवाहून वडगांव सुमारें तीन मैल. पुढें जाण्यांत जो क्षय होईल म्हणून माघार घेतली, तोच क्षय तीन मैलांच्या माघारींत पदरीं आला. हार्टले फौज सोडवून नेण्यास तयार होता. कॉकबर्न यास तें अशक्य वाटलें.

१३ तारखेस फार्मर बोलणें करण्यास गेला. वरिष्ठ सरकारच्या संमतीवांचून तह करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं, असें इंग्रजांनीं कळविलें. त्यावर महादजीनें विचारलें कीं, मग अप्टनानें केलेला तह मोडण्याचा अधिकार तुम्हांस कोणीं दिला, तो दाखवा. आमच्या मतें साऱ्या प्रकरणाचें सार या एका प्रश्नांत आलें आहे. युद्ध आरंभितांना जो अधिकार आठवत नाहीं, तो माघारीच्या वेळीं आठवतो.

१६ जानेवारीस तह झाला. १७७३ पासून घेतलेलें साष्टी वगैरे ठाण्यांसह सर्व परत द्यावें, बंगालची फौज परत फिरवावी, भडोच शिंद्यांस द्यावें, असें त्यांत ठरलें. फार्मर व दुसरा एक अधिकारी ओलीस राहिले. राघोबा महादजीच्या स्वाधीन झाले. फौज घांट उतरतांच कारनॅक यानें गॉडर्डास परत फिरण्याविषयीं लिहिलेलें पत्र थांबविलें. त्यामुळें बऱ्हाणपुराजवळ गॉडर्डाच्या हातीं परस्परविरुद्ध पत्रें पडलीं. तो तसाच पुढें निघून फेब्रुवारीच्या अखेरीस सुरतेस पोंचला. गव्हर्नर हॉर्नबी यानें तह अमान्य केला. कंपनीच्या डायरेक्टरांनीं कारनॅक, एजर्टन व कॉकबर्न यांस नोकरींतून दूर केलें. मोहिमेस संमति देणारांचे अधिकार मात्र कायम राहिले.

युद्ध पुढें चाललें. १७८१ मध्यें गॉडर्ड खंडाळ्यापर्यंत आला व एप्रिलांत त्यासही पनवेलीकडे माघार घ्यावी लागली. त्या माघारींत त्याचे ४६६ लोक मेले व जखमी झाले.

४. लंडनचा वाद

यॉर्कटाउन येथें कॉर्नवॉलिस शरण गेल्याची बातमी पोंचल्यावर अमेरिकेंतील युद्धाविरुद्ध पार्लमेंटांत मोठा वाद माजला. २२ फेब्रुवारी १७८२ रोजीं युद्धविरोधी ठराव अवघ्या एका मतानें पडला; २७ तारखेस तो २३४ विरुद्ध २१५ मतांनीं पास झाला. तेंच वारें हिंदुस्थानच्या प्रश्नास लागलें. डंडास याच्या अध्यक्षतेखालील कमिटीनें मराठ्यांशीं झालेल्या युद्धाचीं कारणें तपासलीं होतीं. तदनुसार २८ मे १७८२ रोजीं हेस्टिंग्ज व हॉर्नबी यांस परत बोलवावें असा ठराव कॉमन्स सभेनें केला.

परंतु त्यापूर्वींच, १७ मे रोजीं, ग्वाल्हेरीजवळ सालबाई येथें तह होऊन गेला होता! बातमी पोंचण्यास महिनोगणती लागत. म्हणून जें युद्ध मिटलें त्याच्याविषयीं सभेंत कडक भाषणें झालीं. सालबाईनें साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई मराठ्यांस परत मिळाली, आणि राघोबांस दरमहा २५,००० रुपये ठरले. ज्यांस गादीवर बसविण्यासाठीं सात वर्षें युद्ध केलें, त्यांचें प्रकरण नेमणुकीवर संपलें. कंपनीच्या भागीदारांनीं हेस्टिंग्ज यास परत बोलविण्याचें नाकारलें. तथापि हिंदुस्थानांत मुलूख जिंकण्याचे बेत करणें राष्ट्राच्या इच्छेस व धोरणास विरुद्ध आहे, असें कलम १७८४ च्या कायद्यांत आलें. त्याचें पालन पुढें कसें झालें, हें वाचकांस सांगणें नको.

५. निष्कर्ष

माघार म्हणजे भ्याडपणा, असा सामान्य समज आहे. उलट, माघार म्हणजे शहाणपणा, असेंही कांहीं म्हणतात. या प्रकरणावरून दोन्हीं मतें अपुरीं दिसतात. कलकत्त्यास माघारीची सूचना वेळेवर झाली, पण ती एका पक्षाची म्हणून टाकून दिली गेली. तळेगांवीं ती स्वीकारली, पण तेव्हां तिची वेळ गेली होती. लंडनास ती गाजली, पण तेव्हां तिचें काम उरलें नव्हतें. सूचनेचें बरेंवाईटपण ज्या दिवशीं ती अमलांत यावयाची त्या दिवसावर ठरतें. म्हणून परमुलखांत फौज धाडणारानें ती कोणत्या स्थितींत परत आणावयाची, हें धाडण्यापूर्वींच ठरविलें पाहिजे.

दुसरी गोष्ट आमच्या भागाची आहे. चिंचवडापासून रहाटणी कोसभरावर. थेरगांव, वाकड हीं गांवेंही त्याच टापूंतलीं. इंग्रज तळेगांवाहून पुढें सरकते, तर ठरल्याप्रमाणें चिंचवड पेटलें असतें, व त्या आगीची झळ या वाड्यावस्त्यांस चुकती ना. इंग्रजांच्या इतिहासांत ११ जानेवारीची रात्र लाजेची म्हणून नोंदली गेली; मराठ्यांच्या इतिहासांत ती विजयाची आहे. पवनाकांठच्या कुणब्यास मात्र ती आपलें छप्पर व कडबा वांचल्याची रात्र होती. तळेगांवकरांच्या वांट्यास तेंही आलें नाहीं. कौटिल्यानें सांगितलेले क्षय व व्यय हे दोष केवळ फौजेच्या वहींत लिहिले जातात. ज्याच्या शेतांतून फौजा येतात व परत जातात, त्याचा हिशेब त्या वहींत येत नाहीं. परकी फौज परत फिरविण्याच्या वादाचा विचार करतांना हा तिसरा पक्ष विसरूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.