गाठ दुखत नाही, म्हणून थांबू नका



विहारातल्या बैठकीत सिकलसेल, शुगर, बीपीबद्दल बाया मोकळेपणानं विचारतात. छातीचं विचारायचं असलं की बैठक संपू देतात आणि चपला घालता घालता हळूच म्हणतात, "मॅडम, गाठ लागते हाताला, पण दुखत नाही." मला त्या न दुखण्याचीच काळजी वाटते. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. दुखत नाही म्हणून रोवणी होऊ द्या, मग कापणी, मग तेंदूपत्ता, असं करत वर्ष निघून जातं.

घाबरून जाऊ नका. स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पाळीच्या आधी दोन्ही स्तन जड होतात, दुखतात, चाचपलं तर गोळे लागतात आणि पाळी आली की कमी होतात. हे नेहमीचं आहे. तरुण मुलींना बोटाखाली सरकणारी गाठ होते, तीही बहुधा साधी असते. तरी एकदा दाखवावी. ती साधी आहे हे तपासणीनंच कळतं. अंगात येणाऱ्या बाईला किंवा लेप लावणाऱ्याला ते कळत नाही.

पाळी होऊन गेली तरी गाठ तशीच राहिली, तर दवाखान्यात जा. पाळी कायमची बंद झालेल्या बाईला नवी गाठ लागली तर एक आठवडाही थांबू नका. गाठ नसली तरी काही खुणा ओळखून ठेवा. कातडी संत्र्याच्या सालीसारखी जाड, खड्ड्याखड्ड्यांची होणं. एका जागी कातडी आत ओढल्यासारखी दिसणं. आधी बाहेर असलेलं बोंड आत जाणं, किंवा त्यावरची खपली बरी न होणं. एकाच बोंडातून आपोआप रक्त किंवा पाणी येणं. काखेत गाठ येणं. अंगावर पाजणाऱ्या आईचा स्तन लाल, गरम झाला आणि ताप आला, तर बहुधा दूध साचून सूज आलेली असते. पाजणं बंद करू नका, पण लगेच दाखवा. औषध घेऊनही सूज उतरली नाही, तर पुन्हा जा.

मुंबईच्या वस्त्यांमधली एक गोष्ट आपल्या वस्त्यांनी ऐकावी अशी आहे. टाटा मेमोरियलनं १९९८ पासून तिथल्या सुमारे दीड लाख बायांचा वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्या बायांचे स्तन प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासले. मोठं मशीन नव्हतं. २०२१ मध्ये निकाल छापून आला. तपासणी झालेल्या बायांमध्ये कॅन्सर लवकर सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले.

अशी तपासणी आपल्याकडेही आहे. तीस वर्षांवरच्या बायांसाठी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात स्तनाची तपासणी सरकारी कार्यक्रमात येते. आशाताई घरी फॉर्म भरायला आली की "काही त्रास नाही" असं सांगून तिला वाटे लावू नका. तपासणी कधी आहे ते विचारा. ती झाली नसेल तर मागा, तो आपला हक्क आहे.

गाठ संशयाची वाटली तर पुढे गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जावं लागेल. तिथून गरज पडली तर नागपूरला, मेडिकलमध्ये किंवा राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात. सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी होते, आणि सुईनं गाठीचा तुकडा घेऊन तपासतात. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, हे वस्तीत फार ऐकू येतं. ते खोटं आहे. उलट तुकडा न तपासता कुणी गाठ कापून काढायला निघाला, तर आधी तपासणीचा रिपोर्ट मागा. कॅन्सर निघाला तर ऑपरेशन, औषधं, शेक यांचा क्रम त्या रिपोर्टवर ठरतो.

घरातल्या पुरुषांनो, हे पान तुमच्यासाठीही आहे. एका दिवसाची मजुरी बुडेल म्हणून तिला अडवू नका, सोबत जा. तुमच्या छातीत गाठ लागली तर तुम्हीही दाखवा, पुरुषांनाही हा कॅन्सर होतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, किमोथेरपी आणि शेक येतात. योजना लागू असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, भरती होण्याआधी त्याला भेटा. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि आधीचे सगळे रिपोर्ट एका पिशवीत घालून न्या. रेशनकार्डावर तिचं नाव आहे की नाही, ते आजच बघून घ्या.